खिदमतमाश

नांदेडहून येणारी सडक वारंगा फाट्यावर दुभंगून एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीकडे आणि दुसरी हदगाव-उमरखेडवरून नागपूरच्या दिशेने जाते. या मुलखाच्याच नव्हे, तर निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या अवघ्या मराठवाड्याच्या महसुली दप्तरांत 'खिदमतमाश' हा जो शब्द आजही आढळतो, तो कायद्याचा आहे तितकाच धर्माचाही आहे. खिदमत म्हणजे सेवा, माश म्हणजे निर्वाहाचे साधन; देवळातील पूजाअर्चा, मशिदीची दिवाबत्ती किंवा दर्ग्याची देखभाल अखंड चालावी म्हणून, ती करणाऱ्याच्या योगक्षेमार्थ सरकारातून लावून दिलेली जी जमीन, ती खिदमतमाश. तिच्या जोडीची 'मदतमाश' मात्र व्यक्तीच्या उपजीविकेसाठी दिलेली असे आणि तिला सेवेची अशी शर्त नसे.

युरोपातही असाच एक शब्द शतकानुशतके नांदला. लॅटिन 'बेनेफिशियम'चा मूळ अर्थ उपकार, सत्कृत्य. पुढे सेवेच्या मोबदल्यात उपभोगासाठी दिलेल्या जमिनीस, आणि चर्चच्या कायद्यात धर्माधिकाऱ्याच्या पदास जोडलेल्या उत्पन्नास तो लागू झाला. या अर्थभेदाने एकदा साम्राज्य हादरले होते. 1157 साली बेझाँसाँच्या सभेत पोप चौथा आद्रियान याचे पत्र वाचले गेले, त्यात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसावरील अनुग्रहाच्या संदर्भात हा शब्द आला आणि चॅन्सेलर रायनाल्डने त्याचे जर्मन भाषांतर जहागिरीच्या अर्थाने करताच, आपला सम्राट पोपचा मांडलिक ठरतो की काय, या संतापाने दरबारी सरदार खवळून उठले. तेव्हा पुढच्याच वर्षी पोपला, मला केवळ सत्कृत्य अभिप्रेत होते, असा खुलासा धाडावा लागला. तथापि चर्चच्या कायद्याचे सूत्र निःसंदिग्ध होते: वृत्ती पदाच्या कर्तव्यासाठी असते.

हाच न्याय आपल्याकडेही आहे, आणि माझ्या मते तो सर्वथा रास्त आहे. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1952 चा अतियात (म्हणजे सरकारी अनुदाने) चौकशी कायदा आणि 1954 चा इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याचा कायदा आला. परंतु धार्मिक संस्थांच्या इनामांना या दुसऱ्या कायद्यातून वगळण्यात आले, कारण त्यांचा धनी इनामदार नव्हे, संस्था होती. पुजारी हा देवाच्या मिळकतीचा व्यवस्थापक होय, मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2021 साली मध्य प्रदेशातील एका प्रकरणात स्पष्ट केले. सेवा करणाऱ्याच्या वंशजांनी सेवा सोडून द्यावी आणि जमीन मात्र वडिलोपार्जित समजून विकावी, हा देवाचा आणि गावाचाही अपहार आहे.

हमरस्त्यालगतच्या जमिनींना आज मोठा भाव आला आहे. म्हणून अशी जमीन घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकास विनंती, की केवळ चालू सातबाऱ्यावर विसंबू नये. जुने फेरफार आणि निजामकालीन मुंतखब, म्हणजे इनामाचा अधिकृत दाखला, जाणत्याकडून वाचून घ्यावा, आणि त्यात खिदमतीची शर्त आढळल्यास बयाणा देण्याआधीच व्यवहार थांबवावा.