असाध्य आजारातील अखेरचे निर्णय : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यात कोणते उपचार घ्यावेत, कोणते नाकारावेत आणि हे कोणी ठरवावे, या प्रश्नांविषयी इंदूरसारख्या शहरातही कायद्याची माहिती कमी आणि ऐकीव समजुती अधिक आढळतात. येथे सरकारी एमवाय रुग्णालयापासून खासगी अतिदक्षता विभागांपर्यंत सर्व सोयी आहेत आणि अवघ्या माळव्यातून रुग्ण येतात, तरीही स्थिती वेगळी नाही. या समजुतींची किंमत रुग्ण मोजतो : टाळता येण्याजोग्या वेदना तो सोसतो आणि स्वतःच्या उपचारांविषयी बोलण्याचा हक्क शाबूत असूनही तो न वापरताच जातो.

पहिला गैरसमज दोन परस्परविरुद्ध रूपांत भेटतो. काहींच्या मते सर्वोच्च न्यायालयाने इच्छामरणाला परवानगी दिली असून आता अर्ज केला की डॉक्टर इंजेक्शन देऊ शकतात. इतरांच्या मते व्हेंटिलेटर काढणे म्हणजे खूनच, आणि त्यात सही करणारा मुलगा तुरुंगात जाईल. वस्तुस्थिती या दोन्हींहून निराळी आहे. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडवून आणणे, ज्याला सक्रिय दयामरण म्हणतात, ते भारतात गुन्हाच आहे; नेदरलँड्समध्ये २००२ पासून असलेला कायदा येथे नाही. मात्र जो उपचार आजार बरा करू शकत नाही आणि केवळ मरणाची प्रक्रिया लांबवतो, तो सुरू न करणे किंवा ठरलेल्या पद्धतीने थांबवणे, म्हणजेच निष्क्रिय दयामरण, हे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात वैध ठरवले आणि सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पहिल्या प्रकारात मृत्यू औषधामुळे येतो, दुसऱ्यात आजारामुळे. कायद्याचा सारा भेद यावर उभा आहे. म्हणूनच केवळ वार्धक्याला किंवा एकटेपणाला कंटाळलेल्या, पण असाध्य आजार नसलेल्या व्यक्तीने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली, तरी तिला या निकालाचा आधार मिळत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांना न्यायालयाने दयामरण दिले, असे मराठी घरांत आजही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात घडले ते उलटे. नोव्हेंबर १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर त्या चार दशकांहून अधिक काळ जागृती हरपलेल्या अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या दयामरणासाठी केलेली याचिका ७ मार्च २०११ रोजी फेटाळली गेली, कारण वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या परिचारिकांना त्यांना जगवायचे होते आणि न्यायालयाने त्यांच्या इच्छेला मान दिला. शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. त्या मेंदूमृतही नव्हत्या. मेंदूमृत्यू म्हणजे मेंदूस्तंभाचे कार्य कायमचे थांबणे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार तो मृत्यूच मानला जातो. दीर्घ अचेतन अवस्थेतील माणूस मात्र स्वतःच्या श्वासावर जिवंत असतो. मेंदूमृत दात्यांच्या अवयवदानासाठी इंदुरात वारंवार रस्ते मोकळे केले जातात, पण त्याचा दयामरणाशी काहीही संबंध नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

शानभाग प्रकरणातील २०११ च्या निकालाने उपचार थांबवण्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक केली होती आणि त्यामुळे ‘कोर्टात जावे लागते’ ही समजूत रुजली. ती आता कालबाह्य आहे. २०१८ च्या निकालाने ही अट काढली, परंतु घालून दिलेली नवी पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणे जवळजवळ अशक्य ठरले. नको असलेल्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही पद्धत सुधारली. आता सज्ञान आणि सुबुद्ध असलेली कोणतीही व्यक्ती पुढे आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसताना कोणते उपचार नकोत हे दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवू शकते आणि तो दस्तऐवज नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर प्रमाणित करून घेऊ शकते. यालाच वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे देता येतात आणि ते केव्हाही लेखी रद्द करता येते.

उपचार थांबवण्याचा प्रसंग आला की रुग्णालयातील प्राथमिक मंडळ, म्हणजे उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, शक्यतो ४८ तासांत मत देते. मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर ज्यात असतो असे तिघांचे दुसरे मंडळ ते तपासते, आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला केवळ कळवले जाते. मंडळाने नकार दिला तरच कुटुंबाला उच्च न्यायालयात जावे लागते, आणि इंदूरकरांसाठी ते खंडपीठ शहरातच आहे. इच्छापत्र नसले तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळे निर्णय घेऊ शकतात, त्यामुळे ‘कागद नाही म्हणजे हक्क नाही’ हे खरे नाही. आणि रुग्ण शुद्धीवर असेल, समजून उमजून बोलत असेल, तर केमोथेरपी किंवा श्वासनलिकेतील नळी नाकारण्यासाठी त्याला मंडळाची गरजच नाही.

इंदुरात या विषयाला धार्मिक व्रताचा पदर आहे आणि येथेच गोष्टींची सर्वाधिक सरमिसळ होते. मार्च २०२५ मध्ये मेंदूच्या ट्यूमरने आजारी असलेल्या शहरातील एका तीन वर्षांच्या मुलीला संथारा व्रत देण्यात आल्याची बातमी देशभर गाजली आणि प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने इंदूर खंडपीठापुढे गेले. संथारा, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस अन्नपाण्याचा क्रमाक्रमाने त्याग करण्याचे जैन व्रत, राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी आत्महत्येसमान ठरवले होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मराठी वाचकाला येथे विनोबा भावे आठवतील. १९६० साली इंदुरात विसर्जन आश्रमाची स्थापना करणाऱ्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकारानंतर औषध आणि अन्न नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. विनोबांचा निर्णय वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःचा होता. लहान मूल असा निर्णय घेऊच शकत नाही. वैद्यकीय इच्छापत्रही अज्ञान व्यक्तीला करता येत नाही, आणि मुलाबाबत पालक व डॉक्टर यांना त्याचे हित हाच निकष लावावा लागतो. व्रत आणि वैद्यकीय निर्णय या दोन वेगळ्या चौकटी आहेत, आणि शोकात बुडालेल्या आईबापांवर बोट रोखण्याआधी त्या मुलीच्या वेदनांवर कोणते उपचार उपलब्ध होते हा प्रश्न विचारला जायला हवा होता.

तो प्रश्न अखेर मॉर्फिन या वेदनाशामकापाशी येऊन थांबतो. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’, ‘त्याची सवय लागते’, ‘त्याने श्वास बंद पडतो’ ही तीन वाक्ये कर्करोगाच्या रुग्णांच्या घरांत वारंवार ऐकू येतात, आणि दुर्दैवाने काही दवाखान्यांतही. विरोधाभास असा की ज्या अफूपासून मॉर्फिन तयार होते, ती याच माळव्यात पिकते : नीमच, मंदसौर, रतलाम भागातील शेतकरी केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यावर अफू लावतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये डोड्यांना चिरे देऊन चीक गोळा करतात आणि तो नीमचच्या सरकारी कारखान्यात प्रक्रियेसाठी जातो. जगभरातील वेदनाशामक औषधांना कच्चा माल पुरवणाऱ्या या भूमीतला रुग्ण मात्र रात्ररात्र कण्हतो. याला अंशतः १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा कारणीभूत होता, कारण एका औषधासाठी राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने जमवण्यापेक्षा ते न ठेवणेच रुग्णालयांना सोयीचे वाटे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकच नियम लागू केला. कायदा सुधारला, भीती उरली.

योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. सुरुवात साधारणतः पाच किंवा दहा मिलिग्रॅमच्या गोळीने होते आणि ती दुखेल तेव्हा न देता घड्याळ पाहून दिली जाते : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहा वाजता दुप्पट मात्रा, म्हणजे पहाटे दोनला झोपमोड होत नाही. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ जाणवते, ती ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक द्यावेच लागते, आणि ते न दिल्यामुळेच अनेक घरांत ‘मॉर्फिन सोसले नाही’ असा निष्कर्ष निघतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी औषध घेणाऱ्या रुग्णाला ते अचानक बंद केल्यास त्रास होऊ शकतो, पण ही शरीराची सवय आहे, व्यसन नव्हे.

मॉर्फिन हा उपशामक उपचारांचा केवळ एक भाग आहे. हे उपचार म्हणजे आजार बरा करण्याऐवजी वेदना, धाप, उलट्या, भीती यांवर आणि कुटुंबाच्या ताणावर केलेले उपचार. डॉक्टरांनी हात टेकल्यावरच ते सुरू होतात, ही समजूत सर्वांत घातक आहे. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर उपशामक सेवा मिळाली, त्यांचे दिवस तर सुखाचे गेलेच, पण अखेरीस आक्रमक उपचार कमी घेऊनही ते इतरांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून अधिक जगले. भारतातही हे नवे नाही : मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हेच काम करते.

मग रुग्ण वेळेवर उपशामक सेवेपर्यंत का पोहोचत नाही? पुष्कळदा त्याला काही सांगितलेलेच नसते म्हणून. नातेवाईक डॉक्टरांना दाराबाहेर गाठून ‘त्यांना काही सांगू नका, धसका घेतील’ असे बजावतात, डॉक्टर मान डोलावतात आणि सगळ्यांचे चेहरे वाचणारा रुग्ण सारे ओळखून गप्प बसतो. हेतू प्रेमाचाच असतो. पण इच्छापत्र करण्यासाठी सुबुद्ध आणि माहितगार माणूस लागतो, आणि माहिती लपवण्याच्या काळातच ती सुबुद्धता हातातून निसटते. पुढे व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे ठरवण्याचे ओझे मुलांवर पडते आणि भावाभावांत आयुष्यभराचा सल राहतो.

अन्नपाण्याविषयीची भीतीही अशीच समजून घ्यावी लागते. अखेरच्या दिवसांत भूक मंदावणे हा मरणाच्या प्रक्रियेचा भाग आहे. ‘उपाशी ठेवले’ या लोकापवादाच्या धास्तीने लावलेले सलाइन शरीर वापरू शकत नाही, ते अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवते. अशा वेळी ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ वारंवार पुसणे, ओठांना थोडे तूप लावणे आणि मागितले तर चमचाभर पाणी देणे हेच उपयोगाचे ठरते. त्याचप्रमाणे ‘हृदय थांबल्यास छाती दाबून पुनरुज्जीवन करू नये’ अशा सूचनेचा अर्थ रुग्णाला वाऱ्यावर सोडणे असा नाही. या सूचनेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली असून, सूचना फक्त त्या एका क्रियेपुरती असते. प्रतिजैविके, प्राणवायू, वेदनाशमन आणि शुश्रूषा सुरूच राहतात.

इच्छापत्र केल्यावर ते कपाटात कुलूपबंद करणे मात्र व्यर्थ आहे. न्यायालयाच्या आदेशानुसार त्याची प्रत नाव दिलेल्या व्यक्तींना, असल्यास कौटुंबिक डॉक्टरांना आणि महापालिकेच्या वा पंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यायची असते. व्यवहारात रुग्णालयात दाखल होतानाच एक प्रत केसपेपरला जोडणे सर्वांत उपयोगी, कारण अतिदक्षता विभागात मध्यरात्री निर्णय घेणारा तरुण डॉक्टर रुग्णाला ओळखत नसतो आणि त्याच्यासमोर असते ती तीच फाइल.