पत्ता, शेजार आणि उशीर

शिकागोतल्या रॉबर्ट फॅरिस आणि वॉरन डनहॅम या समाजशास्त्रज्ञांनी मनोरुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारे ३५ हजार जणांचे राहते पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण शहराच्या मध्यभागी दाटले होते. ती भाड्याच्या खोल्यांची वस्ती. आज आलेला उद्या निघून जाणार, शेजारच्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. बाहेरच्या, स्थिरावलेल्या वस्त्यांत हे प्रमाण उतरत गेले. १९३९ साली त्यांचे पुस्तक आले आणि वाद पेटला.

आक्षेप साधा होता. आजारामुळे नोकरी जाते, घर सुटते, मग माणूस स्वस्त खोलीत येऊन पडतो; वस्तीचा यात काय दोष? असे घडतेही. पण डेन्मार्कमध्ये जन्मनोंदी आणि रुग्णालयांच्या नोंदी एकत्र जोडून पाहिल्या, तेव्हा बालपणाची जितकी अधिक वर्षे मोठ्या शहरात गेली, तितका पुढे हा आजार होण्याचा धोका वाढलेला दिसला. आजार तर त्या वयात सुरूही झालेला नसतो.

मग शहरातले नेमके काय बाधते? गर्दी की एकटेपण? दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेलचा अभ्यास याबाबत बोलका आहे. तिथे अश्वेत अल्पसंख्याकांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त होते. मात्र ज्या वॉर्डांत अल्पसंख्याकांची वस्ती मोठी होती, तिथे ते २.४ पट होते आणि जिथे अल्पसंख्याक सर्वांत तुरळक होते, तिथे ४.४ पट. म्हणजे आपल्या माणसांत राहणे काही अंशी तरी सांभाळून घेते. अर्थात अमुक गल्लीत राहिला म्हणून कुणी आजारी पडला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. शिवाय कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांच्या पाहणीत शहर आणि खेडे असा फरक आढळलाच नाही. युरोपचा नकाशा उचलून मुंबईवर ठेवता येणार नाही.

शेजाराचा दुसरा परिणाम मात्र कुठल्याही गावात ओळखीचा वाटेल. मुलगा कॉलेज सोडतो, खोलीचे दार लावून बसतो, लोक आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो, त्याला आवाज ऐकू येतात. घरचे कुजबुजतात, ‘बाहेरचं काही असेल.’ कुणी देवऋषी सुचवतो, कुणी म्हणतो लग्न करून द्या, सुधारेल. चाळीत कळले तर बहिणीचे लग्न अडेल, या धास्तीने महिने सरतात, कधी वर्षे. पहिले लक्षण दिसल्यापासून पहिल्या उपचारापर्यंतचा हा काळ लांबला, की बरे होणे अवघड जाते.

हा उशीर अटळ नाही, हे नॉर्वेतल्या स्टाव्हांगर परिसराने दाखवून दिले. १९९७ पासून चार वर्षे तिथे वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, रेडिओ आणि चित्रपटगृहांतून माहिती दिली गेली, शिक्षक आणि फॅमिली डॉक्टरांना लक्षणे शिकवली. कुणीही फोन करावा, २४ तासांत तपासणी, अशी सोय केली. शेजारी, मित्र, वर्गशिक्षक फोन करू लागले. तिथल्या निम्म्या रुग्णांवर पाच आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले. अशी मोहीम नसलेल्या ओस्लो आणि डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डच्या भागांत त्याला १६ आठवडे लागत होते. दहा वर्षांनी मोहिमेच्या भागातले ३१ टक्के रुग्ण पूर्ण सावरलेले होते, दुसरीकडे १५ टक्के. आणि जाहिराती थांबवताच पाच आठवड्यांचे १५ झाले! डॉक्टर तेच, दवाखाने तेच. गावाचे बोलणे तेवढे बंद पडले होते.

महाराष्ट्रात हे बोलणे घडवण्याचे मोठे काम पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने केले. ती उभारली कॅनडातल्या कॅल्गरीत प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. याच संस्थेच्या पुढाकारातून ‘देवराई’ चित्रपट आला आणि अनेक घरांना आपल्या दुखण्याचे नाव पहिल्यांदा कळले. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत तीव्र मानसिक आजार असलेल्या दर चौघांपैकी सुमारे तिघे उपचारांबाहेर होते.

शेजारच्या घरात असे दार बंद दिसले, तर त्या घरातल्या आईला बाजूला घेऊन बोला. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिला लिहून द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.