बहुचल कलनशास्त्र : उन्हाळी सुट्टीतील पूर्वतयारी

विज्ञान शाखेचे द्वितीय वर्ष असो वा अभियांत्रिकीचे प्रथम वर्ष, गणिताच्या अभ्यासक्रमात एक वळण असे येते की, तेथवर चांगले गुण मिळविणारे विद्यार्थीही अडखळतात. एका चलाचे कलनशास्त्र मागे पडून दोन किंवा तीन चलांचे सुरू होते, ते हे वळण होय. तालुक्याच्या गावी शिकून शहरातील महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना कित्येकदा येथेच पहिले अपयश येते आणि ‘गणित आपल्यासाठी नव्हे’ असा ग्रह ती करून घेतात. वस्तुतः या विषयातील नव्या कल्पना थोड्या आहेत. अडते ते बहुधा जुन्याच भागात. म्हणून सुट्टीत नव्या पुस्तकाची पाने घाईने उलटण्यापेक्षा बारावीची वही पुन्हा उघडणे अधिक हिताचे ठरते.

नवे काय आहे, ते शेताच्या उदाहरणाने ध्यानी येईल. १०० मीटर लांब व ६० मीटर रुंद अशा आयताकृती शेताचे क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर भरते. ते लांबी व रुंदी या दोन चलांवर अवलंबून आहे. रुंदी तशीच ठेवून लांबी १ मीटरने वाढविली, तर क्षेत्रफळ ६० चौरस मीटरने वाढते. लांबी तशीच ठेवून रुंदी तेवढीच वाढविली, तर वाढ १०० चौरस मीटर होते. एका वेळी एकच राशी बदलावयाची व बाकीच्या स्थिर मानावयाच्या, ही आंशिक विकलनाची सारी रीत आहे. त्यासाठी वापरले जाणारे वळणदार चिन्ह लझांद्र यांनी १७८६ मध्ये योजिले व याकोबी यांनी १८४१ मध्ये ते पुन्हा वापरात आणल्यावर रूढ झाले. विद्यार्थी त्या चिन्हालाच बिचकतात. पण विकलनाचे नियम मात्र पूर्वीचेच राहतात.

आता दोन्ही बाजू एकदम १ मीटरने वाढविल्या, तर क्षेत्रफळ ६,१६१ चौरस मीटर होते, म्हणजे वाढ १६१. दोन स्वतंत्र वाढींची बेरीज मात्र १६० येते. उरलेला १ चौरस मीटर हा कोपऱ्यातील तुकडा आहे. बाजू १० सेंटिमीटरनेच वाढविल्या, तर बेरीज १६ चौरस मीटर येते आणि कोपरा उरतो चौरस मीटरचा अवघा शंभरावा भाग. वाढ जसजशी लहान घ्यावी, तसतसा हा कोपरा बेरजेच्या मानाने नगण्य होत जातो. तो का सोडून देता येतो, हे ज्याला स्वतः आकृती काढून उमगले, त्याला पुढील प्रकरणे जड जात नाहीत.

नकाशा आणि समतल चर

दोन चलांवर अवलंबून असलेली राशी डोळ्यांपुढे आणण्याचे सर्वांत चांगले साधन भूगोलाच्या तासाला भेटते, गणिताच्या नव्हे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर साधारणतः दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. एका रेषेवरून चालत राहिल्यास उंची बदलत नाही. तिला काटकोनात निघाल्यास चढ सर्वाधिक असतो. रेषा जेथे दाट, तेथे चढ उभा. ही दिशा आणि ही तीव्रता एकत्र दर्शविणाऱ्या सदिशास प्रवणता म्हणतात. वर्गात ती ग्रेडियंट या नावाने येते.

ग्रामपंचायत सदस्यांना यात अपरिचित असे काही नाही. पाणलोटाच्या कामावर ‘ए’ आकाराच्या चौकटीने सलग समतल चर आखले जातात, तेव्हा समान उंचीचे बिंदूच जोडले जातात आणि उतारावरून येणारे पाणी चराला काटकोनात भिडते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशी एखादी टेकडी दाखविल्यास फळ्यावरील दोन तासांचे काम वाचेल.

दुहेरी संकलनाचेही तसेच. पाझर तलावात पाणी किती, हे काढावयाचे तर खोली सर्वत्र सारखी नसते. पृष्ठभागाचे लहान लहान चौरस पाडावे, प्रत्येकाच्या क्षेत्रफळास तेथील खोलीने गुणावे व बेरीज घ्यावी. चौरस अधिकाधिक लहान करीत गेल्यावर ही बेरीज ज्या संख्येकडे झुकते, ते दुहेरी संकलन. परीक्षेत विद्यार्थी चुकतात ते संकलन करताना कमी, सीमा ठरविताना अधिक. कारण क्षेत्राची आकृती न काढताच ते गणिताला हात घालतात.

सुट्टीत काय पाहावे

पहिला मान साखळी नियमाला द्यावा. तो डोळे मिटून येत नसेल, तर बहुचल विकलनात पावलोपावली चूक होते. त्यानंतर आदेश पद्धतीने व खंडशः संकलन, त्रिकोणमितीय नित्यसमानता आणि बारावीच्या पुस्तकातील सदिश, तसेच रेषा व प्रतल ही प्रकरणे घ्यावीत. हे शेवटचे प्रकरण गुणांपुरते पाठ करून सोडले जाते. पुढे अवकाशातील सर्व भूमिती त्यावरच उभी राहते. अन्वस्त, विवृत्त, अपास्त यांच्या आकृती हाताने काढण्याचा सराव असावा. ध्रुवीय निर्देशकांची ओळख झाल्यास उत्तम. बाकी महाविद्यालयावर सोडण्यास हरकत नाही.

भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या एनपीटीईएल या उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत डेनिस ओरू यांनी २००७ मध्ये याच विषयावर दिलेली व्याख्यानेही तशीच खुली आहेत. ती इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याने मराठी व इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी लिहिलेली एक वही ठेवावी. व्याख्यान नुसते पाहून गणित येत नाही, हे येथे वेगळे सांगणे नको. तासभर ऐकले, तर दोन तास कागदावर जावेत.

पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे. प्रथम वर्षाचे वर्ग त्यांच्या वाट्याला येतच नाहीत आणि पुढील अभ्यासक्रमात सदिश कलन आले, की आंशिक विकलन त्यांना येते असे गृहीत धरले जाते. जुनी उजळणी त्यांना पुरणार नाही. आंशिक विकलन व दुहेरी संकलन ही दोन प्रकरणे त्यांनी सुट्टीतच सोडवून पाहावीत. तंत्रनिकेतनांतील गणिताच्या अध्यापकांनी अंतिम परीक्षा आटोपताच प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम व जुन्या प्रश्नपत्रिका या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्यास निकाल व प्रवेश यांची वाट पाहण्यात जाणारे आठवडे कामी लागतील.