वाडीभर आरत्या आणि एक दाढ

भाद्रपदात पेण-रोह्याकडच्या वाड्यांमध्ये दिवेलागणीला झांजा सुरू होतात. एका घरची आरती उरकली की मंडळी पुढच्या घरी. प्रत्येक घरी मंत्रपुष्पांजली आणि प्रत्येक घरी हातावर खिरापत: कुठे खारीक-खोबऱ्याचं पंचखाद्य, कुठे पेढा, कुठे नुसतीच खडीसाखर. नको म्हणायची सोय नाही, कारण प्रसादाला कोण नाही म्हणणार? असं करत शेवटचं घर गाठेपर्यंत दोन तास जातात आणि तेवढा वेळ तोंडातला गोडवा काही सरत नाही.

सणात दात बिघडले की दोष मोदकांवर येतो. तो अन्यायच आहे. पानावर बसून एका बैठकीत पाच मोदक हाणणाऱ्यापेक्षा दिवसभर येता-जाता पेढ्याचा तुकडा तोंडात टाकणाऱ्याच्या दाढा जास्त धोक्यात असतात. दातांवर सतत एक चिकट थर साचत असतो. त्यातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच साधारण 5.5च्या खाली उतरला की दाताच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निववते आणि निघालेले क्षार थोडेफार परतही बसवते, पण त्याला अर्धा तास, कधी तासभर लागतो. तेवढ्यात पुढच्या घरची खिरापत आली की लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून.

याचा पुरावा स्वीडनमधल्या लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेतून आला. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना 1940च्या दशकात मुद्दाम निरनिराळ्या प्रकारे साखर खायला घातली गेली. त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. आज तो प्रयोग अनैतिक म्हणूनच सांगितला जातो. 1954 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या खाणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले.

मग गूळ? गुळात थोडी खनिजं असतात म्हणून तो दातांना मानवतो, अशी समजूत घरोघरी आहे. जंतूंना हा फरक कळत नाही. उकडीचा मोदक निदान मऊ असतो, तुपासोबत लवकर गिळला जातो. खारीक आणि चिक्की दाढांच्या खाचांत रुतून बसतात, तर गालात धरलेली खडीसाखर विरघळेपर्यंत एकाच दाताला आम्लाची अंघोळ घालते. दिवाळीत पेणच्या पातळ पोह्यांचा चिवडा करंजीपेक्षा निरुपद्रवी वाटतो. तसा तो आहेही, पण त्याचाही लगदा दाढांत अडकतो आणि पिष्टाचीही शेवटी साखरच होते.

चाकरमान्यांच्या बाबतीत सुरुवात गावात पोचण्याआधीच होते. गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळ नाक्यावर गाड्यांची रांग लागली की मुलांच्या हातात शीतपेयाची बाटली येते आणि ती घोट-घोट करत तासभर पुरते. कोला पेयांचा पीएच 2.5च्या आसपास असतो, त्यामुळे साखर नसलेली कोलाही आवरण झिजवते. एका दमात पिऊन वर साधं पाणी प्यायलं तर नुकसान पुष्कळ कमी. लगेच दात घासायला मात्र धावू नये. आम्लाने मऊ पडलेलं आवरण ब्रशने आणखी झिजतं. अर्धा तास थांबावं.

पूर्वी खाल्ल्यावर चूळ भरणं हा साधा शिष्टाचार होता. कागदी द्रोण आले आणि तो मागे पडला. प्रत्येक आरतीनंतर ब्रश कोण काढणार, पण पुढच्या घरी जाताना एक चूळ कुणालाही जमते. खरी काळजी रात्रीची. गौरीच्या जागरणात, भजनात पहाटेपर्यंत साखरेचा चहा फिरतो आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते. त्यामुळे शेवटच्या कपानंतर फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्याशिवाय आडवं होऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, सहापर्यंत वाटाण्याएवढी. थुंकावं, पण खळखळून धुऊ नये; थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्यावं. घरातल्या आजींची मिश्री मात्र यात बसत नाही. ती भाजलेली तंबाखू आहे. तिने दात घट्ट होत नाहीत, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

ठणकणारी दाढ सणाच्या सुट्टीचीच वाट बघत असते, म्हणून जुनी कीड आधी दाखवून घेतलेली बरी. पेण आणि रोह्यात उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तर कामोठे-खारघरला दंत महाविद्यालयं. रात्री-अपरात्री कळ आलीच तर लवंगतेलाचा बोळा थोडा आराम देतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणं मात्र टाळावं. दुखणं थांबत नाही, हिरडी भाजते.

गोपाळकाल्याला थरांवरून पडून एखाद्याचा पुढचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता उचलावा, मातीत पडला असेल तर पाण्याने अलगद धुवावा, घासू नये, आणि शक्य तर लगेच खोबणीत बसवावा. ते जमत नसेल तर दुधात बुडवून अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोचावं. पक्का दात असा परत रुजू शकतो, दुधाचा दात परत बसवत नाहीत.