खर्जाचा खजिना: जुन्या बेस गिटारींचे भन्नाट किस्से

अकोल्यात गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की अमरावतीत नवरात्रातला गाण्यांचा कार्यक्रम, टाळ्या गायकाला आणि शिट्ट्या ऑक्टोपॅडवाल्याला. मागं लांब दांड्याची, चार जाड तारांची गिटार घेऊन उभा असलेला माणूस बहुतेकांच्या नजरेतच येत नाही. त्यानं दोन ओळी हात थांबवला, की मात्र अख्खं गाणं पोकळ वाटायला लागतं. ते वाद्य म्हणजे बेस गिटार. जगात जुन्या बेस गिटारी शोधणारे, जपणारे, एकेका स्क्रूवरून वाद घालणारे शौकीन हजारोंनी आहेत. त्यांच्या दुनियेतल्या या काही गोष्टी, राजेहो, खास तुमच्यासाठी.

वाजवता येत नव्हतं, पण इतिहास घडवला

आज जगभर चालणाऱ्या बेसचा साचा पाडणारे लिओ फेंडर हिशेबनीस म्हणून शिकले आणि कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवू लागले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, किंमत १९९ डॉलर ५० सेंट. त्याआधी खर्जासाठी माणसाच्या उंचीचा डबल बेस पाठीवर वाहून न्यावा लागे. आता तेच काम गळ्यात पट्टा अडकवून करता येऊ लागलं. दांड्यावर पडदे असल्यामुळं बोट पडेल तिथं सूर नेमका लागे. लायोनेल हॅम्प्टनच्या जॅझ वाद्यवृंदातल्या मंक मॉन्टगोमेरीनं हे वाद्य लगेच उचललं आणि गावोगाव पोचवलं.

पहिला नंबर मात्र दुसऱ्याचाच

फेंडरच्या सुमारे १५ वर्षं आधी, १९३० च्या दशकात, सिअॅटलच्या पॉल टुटमार्कनं ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाचा विजेवर वाजणारा, पडद्यांचा बेस बनवला होता. तो चालला नाही. आज त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नग माहीत आहेत, म्हणून एखादा सापडला की संग्राहकांची झोप उडते.

‘काळी एक’च्या किती खाली?

पुरुष गायकाचा ‘सा’ काळी एकचा धरला, तर त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा थरथरते. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार थरथरते ४१ वेळा. पाच तारांच्या बेसवर हा आकडा ३१ पर्यंत उतरतो. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर हा थर जवळजवळ ऐकूच येत नाही. जुन्या गाण्यातला बेस शोधायचा असेल तर चांगला हेडफोन लावा. रोजचं गाणं नव्यानं भेटेल.

३० पौंडांचा सौदा, ५१ वर्षांचा शोध

१९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये पॉल मॅकार्टनीनं व्हायोलिनच्या आकाराचा जर्मन हॉफनर बेस घेतला, सुमारे ३० पौंडांना. तो डावखुरा. दोन्ही बाजूंनी सारखा आकार असल्यामुळं हा बेस उलटा धरला तरी वेडावाकडा दिसत नव्हता. बीटल्सची सुरुवातीची गाणी त्यावर वाजली. १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका गाडीतून तो चोरीला गेला. चाहत्यांनी शोधमोहीम चालवली आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घराच्या माळ्यावर तो मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली: बेस मालकाच्या हाती परत!

तारा बदलल्याच नाहीत

मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्ज देणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरी. संगीतकार त्या बोटाला ‘हुक’ म्हणत. १९६२ चा त्याचा प्रिसिजन बेस ‘फंक मशीन’ म्हणून ओळखला जाई. त्यावर चपट्या गुंडाळीच्या जाड तारा होत्या, आणि तार तुटल्याखेरीज तो ती बदलत नसे. जुन्या तारांचा मऊ, गोल आवाजच त्याला हवा होता. १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी हा बेस चोरीला गेला. तो अजून सापडलेला नाही.

बोटीचा लेप लावलेला बेस

बेसवादक जाको पास्टोरियसनं फेंडरच्या १९६२ च्या ‘जॅझ’ बेसचे पडदे उपसून काढले, खाचा भरल्या आणि दांड्यावर बोटींना लावतात तो इपॉक्सी लेप चढवला. त्यातून गाणाऱ्या गळ्यासारखा, मींड घेणारा आवाज निघाला. पुढं त्यानं स्वतःच तो बेस फोडला, कारागिरांनी तुकडे जुळवून पुन्हा उभा केला, आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो चोरीला गेला. सुमारे २० वर्षांनी त्याच शहरात तो उगवला. जाकोच्या घरच्यांना तो परत मिळावा म्हणून मेटॅलिका बँडचा बेसवादक रॉबर्ट ट्रुहियोनं पदरचे पैसे घातले.

विक्रमी बोली, तीही यामाहावर

जुना बेस म्हणजे फेंडरच महाग, असं समजू नका. २०२१ मध्ये मॅकार्टनीचा यामाहा बीबी-१२०० बेस लिलावात ४ लाख ९६ हजार १०० डॉलरला गेला. त्याआधी २०२० मध्ये रोलिंग स्टोन्सच्या बिल वायमनच्या १९६९ च्या मस्टँग बेसला ३ लाख ८४ हजार डॉलर मिळाले होते. हात कुणाचा लागला, याला बाजारात मोठी किंमत आहे.

मोटारीचा रंग, ५ टक्के जास्त

१९६० च्या सुमारास फेंडरच्या खास रंगांसाठी ५ टक्के जादा आकारले जात. हे रंग डेट्रॉइटच्या मोटारींचे होते. ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकचा, ‘फिएस्टा रेड’ फोर्ड थंडरबर्डचा. तेव्हाचे ते ५ टक्के आज किमतीत कितीतरी पटींनी वसूल होतात. पण रंग मूळचाच हवा. नंतर रंगवलेल्या बेसची किंमत निम्म्याच्या आसपास येते, असा बाजाराचा साधारण हिशेब आहे.

आत कापूस आहे का?

कापसाच्या मुलखानं लक्षात ठेवावी अशी खूण. १९५० आणि ६० च्या दशकातल्या फेंडरच्या आतली वायर कापसाच्या सुताच्या वेष्टणाची असे. साठच्या दशकाच्या शेवटी प्लास्टिकची वायर आली. कुणी १९६२ चा अस्सल बेस म्हणून दाखवला आणि झाकण उघडल्यावर प्लास्टिकची वायर दिसली, तर ती नंतर बदललेली आहे. भाव करताना ही गोष्ट बोलून दाखवा.

१३७ चं कोडं

आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या भागाला दुकानदार ‘पॉट’ म्हणतात. त्यावर आकडे कोरलेले असतात. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. १३७६६३२ असेल तर पॉट १९६६ च्या ३२ व्या आठवड्यातला. दांडा स्क्रू काढून सुटा केला की त्याच्या टोकावर पेन्सिलनं लिहिलेली किंवा शिक्क्यानं उठवलेली तारीखही पुष्कळदा मिळते. दोन्ही तारखा जवळपास जुळल्या तर वाद्य एकाच काळातलं असण्याची शक्यता मोठी. संग्राहक ‘सीबीएसच्या आधीचा’ असं म्हणतात, तेव्हा त्यांचा रोख जानेवारी १९६५ कडे असतो. त्या महिन्यात सीबीएस कंपनीनं १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर विकत घेतली. जपानी फेंडरच्या पहिल्या, १९८२ पासूनच्या बेसवर नंबर ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होतो. त्यांनाही आज चांगली मागणी आहे.

मेळघाटच्या झाडाचं नातं

मेळघाटच्या सागाच्या रानात शिसवही आहे. बोटं फिरतात ती बेसची काळपट पट्टी बहुतेक वेळा याच जातीच्या लाकडाची असते. जगात ते ‘भारतीय रोझवूड’ म्हणून विकलं जातं. आधी ब्राझीलचं रोझवूड वापरत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते मिळेनासं होऊ लागलं आणि कारखाने आपल्या शिसवाकडं वळले. ब्राझीलच्या रोझवूडवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सर्वांत कडक निर्बंध आहेत. परदेशातून तसा जुना बेस मागवायचा तर कागदपत्रं आधी पाहा. आपल्या शिसवावर २०१७ मध्ये बंधनं आली, पण २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

बुटीक म्हणजे हाताचं काम

कारखान्याचा बेस सगळ्यांसाठी सारखा. बुटीक बेस एका वादकाच्या हातासाठी बनतो. या वाटेची सुरुवात १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘अलेम्बिक’नं केली. १९७५ मध्ये कार्ल थॉम्प्सननं अँथनी जॅक्सनसाठी सहा तारांचा बेस घडवला. १९८३ मध्ये ब्रुकलिनमध्ये ‘फोडेरा’ सुरू झालं. आपल्याकडं मिरजेचे सतारमेकर पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत: गायकाची पट्टी विचारायची, भोपळा निवडायचा आणि तानपुरा घडवायचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बुटीक बेसला लाखात किंमत का, याचं उत्तर मिरजेच्या एखाद्या कारखान्यात बसून पाहिलं की कळतं.

अकोल्याचा मे महिना आणि पाऊण क्विंटल

चार तारांचा मिळून दांड्यावर सुमारे ७५ ते ८० किलोंचा ताण असतो, म्हणजे पाऊण क्विंटलच्या वर. त्याला तोलायला दांड्याच्या आत स्टीलचा ट्रस रॉड बसवलेला असतो. आता वऱ्हाडाची हवा पाहा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं, हवा कोरडी ठाक. लाकूड आकसतं आणि पडद्यांची टोकं कडेला बोचायला लागतात. जुलैत तेच लाकूड फुगतं. त्यात आपले कूलर! कूलरच्या झोतात ठेवलेला बेस रात्री ओल पितो आणि दुपारी वाळतो. रोजच्या या ओढाताणीनं दांडा वाकतो. उपाय सोपे आहेत: बेस कूलरपासून लांब, बंद केसमध्ये ठेवा, गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत नको. ट्रस रॉड फिरवायचा तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही.

बिनडोक्याचा बेस

फर्निचरच्या डिझाइनमधून आलेल्या नेड स्टाइनबर्गरनं १९८० च्या आसपास डोकंच नसलेला बेस काढला. तारा ताणायच्या खुंट्या खालच्या टोकाला, आणि अंग लाकडाऐवजी कार्बन आणि काचतंतूंच्या मिश्रणाचं. हवेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. आमच्या मते वऱ्हाडच्या उन्हाळ्याला याहून योग्य जुना बेस नाही.

ढोल नव्हता, म्हणून अंगठा

लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये बेस वाजवी. ड्रमवाला सुटला, तेव्हा त्यानं जाड तारेवर अंगठा आपटून ड्रमची कसर भरली आणि बारीक तार उपटून स्नेअरची. तिथून ‘स्लॅप’ ही पद्धत जगभर पसरली. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत मोठ्या झालेल्या वऱ्हाडी कानाला हा तालाचा खेळ पटकन कळतो.

आपले बेसवाले

राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार सांभाळत टोनी वाझ. ‘इंडियन ओशन’चे राहुल राम यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी केली आणि नर्मदा बचाव आंदोलनात काम केलं. मुंबईत वाढलेली मोहिनी डे किशोरवयातच ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागली. मुलींच्या हाती बेस शोभतो का, असं कुणी विचारलं तर तिचं वादन ऐकवा.

चार बेस, चार स्वभाव

• प्रिसिजन (१९५१): जाड, ठाम. गाण्याच्या मधोमध बसतो.
• जॅझ (१९६०): बारीक मान, दोन पिकअप (तारांचा कंप पकडणारे भाग). बोलका, किंचित नाकातला.
• हॉफनर: पोकळ, हलका, आखूड दांडा. लाकडी ठोका.
• म्युझिक मॅन स्टिंगरे (१९७६): आत ९ व्होल्टची बॅटरी. चमकदार, अंगठ्याला साजेसा.

तुलना करताना अॅम्प्लिफायर एकच ठेवा, तारा एकाच जातीच्या लावा आणि तोच तुकडा वाजवा. तारा नव्या-जुन्या असतील तर ती तुलना बेसची राहत नाही, तारांची होते. नाव वाचतानाही चष्मा लावा: ‘गिव्हसन’ कलकत्त्याचा, ‘गिब्सन’ अमेरिकेचा. गिव्हसनला कमी लेखू नका, आपल्या देशातल्या कितीतरी वादकांची सुरुवात त्याच्यावर झाली.

आता तुमच्या माळ्याकडं पाहा

अमरावती-अकोल्यात ऑर्केस्ट्रा पार्ट्यांचा जोर होता तेव्हाचे बेस आज कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दुकानामागं पडून असतील. परदेशी असो की देशी, असा बेस दिसला तर रंगवू नका, घासून चकचकीत करू नका, जुने स्क्रू फेकू नका. फोटो काढा, पॉटवरचे आकडे उतरवून घ्या, आणि तो कुणी, कुठं, कोणत्या पार्टीत वाजवला हे जुन्या वादकाला विचारून लिहून ठेवा. मग नव्या तारा चढवून एखाद्या शिकणाऱ्या पोराच्या किंवा पोरीच्या हाती द्या. वाद्य वाजतं राहिलं तरच त्याचं मोल टिकतं.