पिंजून न आणता येणारी रजई

भातकुलीला आमच्या अंगणातल्या दोरीवर दोन वस्तू शेजारी शेजारी वाळत होत्या. एक आईची जुनी रजई, दुसरा भाच्याचा काळा वेटसूट. शेजारचे आजोबा थबकले.

"काऊन रे, हे आंगात घालून पाण्यात पडलं की आंग कोरडं रायते का?"

"नाई जी आजोबा, ओलं होतेच."

"मंग उपेग काय बाप्पा?"

प्रश्न बिनतोड होता. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून २५ अंशांची हवा सुखाची वाटते आणि तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात तासाभरानं दात वाजू लागतात. सूट आणि कातडी यांच्यात पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्या उबेनं तापतो आणि तोच आपल्याला गरम ठेवतो, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हा सूट तयार केला, तेव्हा त्यांनी नेमकं ओळखलं होतं की ऊब टिकवण्याचं काम पाणी करत नाही, रबरातले वायूचे बुडबुडे करतात. अंग ओलं झालं तरी चालेल, हा त्यांचा मोठा विचार.

ड्यूपाँट कंपनीनं १९३०मध्ये शोधलेलं निओप्रीन हे कृत्रिम रबर फुगवलं की त्यात नायट्रोजनचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडले जातात. स्पंजसारखे एकमेकांना जोडलेले नव्हेत, तर प्रत्येक बंद आणि वेगळा. हे आम्हा कपाशीच्या मुलखातल्या माणसांना शिकवायला नको. रजई गरम असते ती कापसात अडकलेल्या हवेमुळे. कापूस दबला, गाठी झाल्या की तीच रजई थंडगार पडते.

सूटही दबतो. समुद्रात १० मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ पडतो आणि नेमकी गरज वाढते तिथंच ऊब कमी होते. वर असताना हेच बुडबुडे माणसाला तरंगवतात, म्हणून पाणबुडे कमरेला शिशाची वजनं बांधतात. पण सूट तरंगतो म्हणून त्याला लाइफ जॅकेट समजू नये. बेशुद्ध माणसाचं तोंड तो पाण्याबाहेर धरत नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत २०२१ साली होडी उलटली. धरणावर किंवा नदीत नावेत बसायचं तर आधी जॅकेट मागा, सूटची चौकशी नंतर.

भाच्यानं मात्र सूट आधी घेतला आणि नियम नंतर वाचले. त्याला गोव्याच्या 'आयर्नमॅन ७०.३'मध्ये उतरायचं होतं: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. या स्पर्धांत पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तरच वेटसूट घालून बक्षिसासाठी उतरता येतं. तरंगण्याचा आयता फायदा मिळतो ना! गोव्याचा समुद्र त्याहून कोमट. इंग्लिश खाडीची तर तऱ्हाच उलटी. पाणी साधारण १५ ते १८ अंश, आणि परंपरेच्या नियमानं पोहायचं तर वेटसूटला साफ मनाई. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८मध्ये जगातल्या सात कठीण सामुद्रधुन्या पूर्ण केल्या त्या अशाच, साध्या पोहण्याच्या पोशाखात.

तेव्हा आधी पाणी विचारा, मग सूट. तारकर्लीला डुबकी मारायची तर २-३ मिलिमीटरचा आखूड सूटही पुरतो. लेबलवर ३/२ असं लिहिलेलं असेल तर छातीपाठीला ३ आणि हातपायांना २ मिलिमीटर असा अर्थ. थंड पाण्याला ५ मिलिमीटर किंवा जास्त. पण माझं ऐकाल तर जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. ढगळ सूटमध्ये प्रत्येक हालचालीला गार पाणी आत-बाहेर करतं आणि महागडं रबर वाया जातं. घालून बघताना उकिडवं बसा, हात वर करा. कमरेच्या खळग्यात, काखेत पोकळी राहता कामा नये, मात्र छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. कोरडा असताना थोडा जास्तच घट्ट वाटला तर चिंता नको, पाण्यात तो जरा सैलावतो. शिवणही उलटून पाहावी. आरपार टाचलेल्या शिवणीच्या भोकांतून पाणी झिरपतं, म्हणून थंडीसाठी चिकटवून अर्ध्या जाडीपर्यंतच टाचलेली शिवण बरी.

वापरल्यावर सूट गोड्या पाण्यानं धुवावा, उलटा करून सावलीत टांगावा, असं सगळे सांगतात. सांगणाऱ्याला खारपाणपट्टा ठाऊक नसावा. पूर्णेच्या या पट्ट्यात आमची बोअरच खारी. समुद्राचं मीठ भातकुलीच्या मिठानं धुण्यात काय हशील? शेवटी नळाच्या पिण्याच्या पाण्यातल्या दोन बादल्या भाच्याच्या वाट्याला गेल्या आणि आईच्या कपाळावर आठी उमटली.

आजोबांनी सूटचा गुडघा चिमटीत धरून पाहिला. तिथलं रबर पातळ पडलं होतं. सूट जुनाच घेतलेला. "हे अठी दबलं हाय. पिंजून नाई आनता येत का?"

"नाई जी," भाचा म्हणाला. बुडबुडे एकदा फुटले की फुटले.

आजोबा रजईकडे वळले, ती दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि आईला म्हणाले, "हे मात्र औंदा पिंजून घ्या बाई."