किडनीच्या कागदावरची सही

आमची हयात कारकुनीत चालली आहे. सही झाली की प्रकरण पुढे सरकते, हे आम्ही रोज पाहतो. पण ती सही कशापायी झाली, हे कागद कधी सांगत नाही. किडनी देणाऱ्याच्या संमतीपत्राचेही तसेच आहे.

१९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. आपल्या महाराष्ट्रात तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा असून आज त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. तरी काही शहाणे म्हणतात, ज्याचे शरीर त्याची मर्जी. एकाचा जीव वाचतो, दुसऱ्याला पैसा मिळतो, बिघडले कुठे?

कुठे बिघडले ते चेन्नईत दिसले. तिथे किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. शंभरातले ९६ जण कर्जापायी विकायला तयार झाले होते, आणि विकणाऱ्यांत बाया जास्त होत्या. कर्ज फिटले का? चारांतले तीन जण पाहणीच्या वेळीही कर्जबाजारीच होते. घरचे उत्पन्न एक तृतीयांशाने घटले होते. शंभरातल्या ८६ जणांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. ज्याचे पोट अंगमेहनतीवर, त्याचे प्रकृती हेच भांडवल! सावकार दारात बसलेला असताना दिलेल्या होकाराला मर्जी म्हणायचे का?

डायलिसिसवर झिजणाऱ्या माणसाचे हाल आम्ही कमी लेखत नाही. त्याच्या घरच्यांना दलालही तारणहार वाटतो. २०१६ साली मुंबईत पवईला पोलिसांनी एक शस्त्रक्रिया ऐनवेळी थांबवली, तेव्हा रुग्णाची पत्नी म्हणून उभी केलेली बाई त्याची पत्नीच नव्हती. कागद मात्र सगळे तयार होते.

आणि माताभगिनींनो, पत्नी खरी असली तरी प्रश्न संपत नाही. नवरा-बायको, आईवडील, मुले, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे यांना कायदा अवयव देऊ देतो. पण आपल्या देशात जिवंतपणी देणाऱ्यांत बाया जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. भावाची नोकरी आड येते, दिराचा संसार आड येतो. मग सगळ्यांची नजर सुनेकडे वळते. तिला कोणी विचारत नाही, आणि तीही बोलत नाही.

हे ओळखूनच २०१४ च्या नियमांत एक कलम आहे. दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी. आमचे म्हणणे एवढेच, की हे विचारणे सासूसमोर होऊ नये. बाईने आग्रह धरावा, "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचे आहे."

नकार देऊन तिला त्याच घरात परतायचे असते, हे आम्ही जाणतो. परदेशात काही ठिकाणी डॉक्टर अशा वेळी नातेवाइकांना इतकेच सांगतात, की ही व्यक्ती दाता म्हणून योग्य नाही. कारण सांगत नाहीत. डॉक्टरने असे आडपडद्याने बोलावे का, यावर वाद आहे. आमच्या मते, बोलावे.